मुलाला दमदार गाडी द्यावी का? पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आणि दसरा-पाडवा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. गाडी शिकवणं हा माझा धंदा. पायाखाली जादा ब्रेक-क्लच घेऊन नव्या चालकाच्या शेजारी बसायचं, गरज पडली की तो दाबायचा आणि चेहरा शांत ठेवायचा. त्यामुळे ‘पोराला कुठली गाडी घेऊ?’ हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. पुण्याच्या पोर्शे प्रकरणानंतर तर जास्तच. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदा लिहूनच काढतोय.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला वेगवान गाड्या मनापासून आवडतात. लाल रंगाची एखादी कूपे शेजारून गेली तर आजही मान वळते. तेव्हा खाली जे लिहिलंय ते गाड्यांचा राग असलेल्या माणसाने लिहिलंय असं समजू नका.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, पण गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतो. सोसायटीच्या आसपास चालवू दिली तर काय बिघडलं?

‘माझ्यापेक्षा चांगली चालवतो’ हे वाक्य मी इतक्या बापांकडून ऐकलंय की आता ते सुरू झालं की मीच पूर्ण करतो. आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं! सतराव्या वर्षी हातपाय चपळ असतात, नजर तेज असते. गिअर लोण्यासारखा पडतो, पार्किंग एका दमात. तुम्हाला दिसतं ते हे कौशल्य.

दिसत नाही ते वेगळंच असतं. उभ्या रिक्षाच्या आडून चेंडू बाहेर आला तर त्यामागून पोर येणार, हे ओळखून पाय आधीच ब्रेकवर जाणं. बसस्टॉपजवळच्या एसटीच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडणार, हे धरून चालणं. समोरच्या दुचाकीवाल्याच्या खांद्याची हालचाल बघून तो इंडिकेटर न देता वळणार, हे कळणं. हे हातांचं कसब नाही, हजारो किलोमीटरचा साठा लागतो त्याला. सतराव्या वर्षी तो कुणाकडेच नसतो, कितीही हुशार पोरगं असो.

आणि कायद्याने तर प्रश्नच संपतो. चारचाकीसाठी अठरा वर्षं पूर्ण हवीत. ‘फक्त कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत’ अशी सवलत मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही.

पकडलंच तर दंड भरू. असून असून किती असेल?

पावती फाडून घरी, हा जमाना १ सप्टेंबर २०१९ ला संपला. त्या दिवशी सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्यात १९९-अ हे नवं कलम आलं. पालकांनी ते एकदा वाचून फ्रिजवर चिकटवावं असं आहे.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे सोबतचे सगळे नोकरीला लागून स्वतःच्या गाडीने फिरताहेत आणि हा पंचविसाव्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी मागच्या सीटवर.

त्यातली खरी मेख पुढे आहे. ‘मला माहीतच नव्हतं, किल्ली त्याने गुपचूप घेतली’ असं म्हणून सुटता येत नाही. गाडी तुमच्या संमतीनेच दिली होती असं न्यायालय गृहीत धरतं. माहीत नव्हतं किंवा तुम्ही पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. किल्ली चपलांच्या कपाटावरच्या वाडग्यात पडलेली असेल तर ते कसं सिद्ध करणार?

पण पुण्याच्या त्या प्रकरणात तर मुलगा निबंध लिहून सुटला ना?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात राग असतो, कधीकधी (सांगायला लाज वाटते) थोडी आशाही असते. म्हणून नीट सांगतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे टायकॅनने एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोघं तरुण अभियंते, मूळचे मध्य प्रदेशातले, जिवाला मुकले. मुलगा मित्रांबरोबर आधी पबमध्ये होता. गाडीची कायमची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. कोट्यवधींची गाडी आणि १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलेलं! त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. महाराष्ट्र खवळला तो इथे.

पण गोष्ट निबंधावर संपली नाही. दोनतीन दिवसांत मंडळाने आपलाच आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. वडिलांना अटक झाली. पुढे ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मग आईलाही. मुलाला महिनाभर निरीक्षणगृहात ठेवल्यानंतर २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सोडलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने फेटाळली.

ती का फेटाळली जाते, याची मुळं दिल्लीत आहेत. तिथे २०१६ मध्ये एका अल्पवयीन मुलाने मर्सिडीजने एका तरुणाला उडवलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये निकाल आला. ज्या गुन्ह्याला कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, तोच ‘निर्घृण’ गुन्हा. आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ धरायचं की नाही हा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यातच करता येतो. सदोष मनुष्यवधाला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे, पण कमीत कमी सात वर्षं अशी अट नाही. त्यामुळे गाडीने माणूस मारला तरी तो त्या व्याख्येत बसत नाही.

हे लोकांना पटत नाही, मलाही पहिल्यांदा वाचताना पटलं नव्हतं. पण या सगळ्याचा पालकांसाठी अर्थ उलटा आहे. कायदा पोराला पोर म्हणून बघतो, तेव्हा हिशेब मागायला तो घरातल्या मोठ्यांकडे वळतो. त्या घरातले किती मोठे लोक तुरुंगाच्या पायऱ्या चढले ते आठवा.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं क्लासमधले मुलगे सांगतात.

मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. तसली गाडी शोरूममध्ये शोधून दाखवा. क्लासबाहेर ज्या स्कूटर रांगेने लागलेल्या असतात त्या ११० आणि १२५ सीसीच्या. म्हणजे सोळा वर्षांचा लायसन्सधारी मुलगा त्यावर बसला तर लायसन्स नसल्यासारखाच.

आता अठरा पूर्ण झाली, पक्कं लायसन्स हातात आहे. आता कायद्याची अडचण नाही. मग?

इथे माझं खरं म्हणणं सुरू होतं.

आपल्याकडे शिकाऊ लायसन्स निघतं, ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. ती परीक्षा म्हणजे आरटीओच्या मैदानात किंवा आखलेल्या ट्रॅकवर थोडं पुढे, थोडं मागे, एक चढ. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जात नाही. रात्र नाही, पाऊस नाही, घाट नाही, मागून लाइट मारणारा ट्रक नाही. यात पास झालं की त्याच दिवसापासून मुलगा ४० घोड्यांची जुनी हॅचबॅकही चालवू शकतो आणि ५०० घोड्यांची स्पोर्ट्‌स कारही. कागद एकच. मध्ये एकही पायरी नाही.

पोहायला शिकवताना आपण आधी कमरेएवढ्या पाण्यात सोडतो, पाठीला डबा बांधतो. विहिरीत एकदम ढकलायची जुनी पद्धत होती म्हणा, पण तेव्हाही काठावर दोन काका लंगोट लावून उभे असायचे.

जगात बऱ्याच ठिकाणी या पायऱ्या सरकारनेच बांधल्यात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं, मग अमेरिकेतली राज्यं त्या वाटेने गेली. सुरुवातीचे काही महिने रात्री उशिरा एकट्याने चालवायचं नाही, सोबत तरुण मित्र किती याला मर्यादा, दारूचा थेंबही नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये नव्या चालकाच्या गाडीवर लाल, मग हिरवं ‘पी’ (प्रोव्हिजनल, म्हणजे कच्च्या लायसन्सची खूण) लावावं लागतं. लाल ‘पी’वाल्याला ताशी ९० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. आणि तिथे गाडीच्या ताकदीवरही बंधन आहे. एक टन वजनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकद असलेली गाडी ‘पी’वाल्याला चालत नाही. इटलीत नियम आणखी कडक आहे. नव्या चालकाला पहिली ३ वर्षं टनामागे ७५ किलोवॅट आणि एकूण १०५ किलोवॅट ही हद्द.

सिडनी-मेलबर्नला असलेल्या आपल्या मराठी मंडळींना हे तोंडपाठ असतं, कारण तिथे पोराची गाडी घेताना आधी मंजूर गाड्यांची यादी बघावी लागते. मग सुट्टीत पुण्याला आले की तोच पोरगा काकाची मोठी एसयूव्ही मागतो आणि काका किल्ली फेकतो. यावर वेगळं काय बोलू?

आपल्याकडे पायऱ्या सरकारने बांधलेल्या नाहीत. घरी बांधाव्या लागतात.

‘दमदार’ म्हणजे नेमकी कुठली गाडी? टर्बो पेट्रोल म्हणजे दमदार का?

नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाऊ नका. ताकद भागिले वजन बघा आणि शून्यापासून ताशी १०० ला पोचायला किती सेकंद लागतात ते बघा. घरगुती हॅचबॅकला साधारण १२ ते १४ सेकंद लागतात. एक लिटरच्या टर्बो इंजिनाच्या (टर्बो म्हणजे हवा दाबून भरून ताकद वाढवणारा पंखा) हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही १० च्या आसपास. इथवर ठीक, जरा लक्ष ठेवा. ८ सेकंदांच्या खाली गेलात की त्या गाडीत नव्या चालकाचा पाय त्याच्या डोक्याच्या पुढे धावायला लागतो. हा आकडा कुठल्या नियमात नाही, शेजारच्या सीटवर बसून बनलेलं माझं मत आहे. ६ च्या खालच्या गाड्यांमध्ये तर मी स्वतःसुद्धा पहिला आठवडा जपून चालवतो.

आम्ही इलेक्ट्रिक घेतोय. शांत असते, प्रदूषण नाही. मुलासाठी तीच बरी ना?

हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी कुणी विचारत नव्हतं आणि आज सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पूर्वी वेग महाग होता, हीच मोठी सुरक्षा होती. मी शिकलो ती फियाट पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चढावर पहिला टाकायचा तर देवाचं नाव घ्यायचं. ताशी ८० ला सगळी गाडी आरडाओरडा करायची. वेग वाढतोय हे कानांना, हातांना, बुडाखालच्या सीटला कळायचं. मग मारुती ८०० आली. तिची ताकद जेमतेम चाळीसेक घोडे. वेड्यासारखा पाय दाबला तरी ती विचार करून मगच पळायची.

आता चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या. मोठ्या बॅटरीची गाडी २१० किलोवॅटची, म्हणजे २८० च्या वर घोडे, आणि शून्य ते शंभर ७ सेकंदांच्या आत. मूळ मॉडेलची किंमत १८ लाख ९० हजारांपासून सुरू झाली होती. एका पिढीपूर्वी असला वेग फक्त परदेशी स्पोर्ट्‌स कारना जमायचा आणि त्या आपण मासिकातल्या फोटोत बघायचो. गाडी उत्तम आहे, आपल्या लोकांनी बनवली याचा अभिमानही आहे. पण ती हप्त्यावर घेता येते आणि ‘घरची फॅमिली गाडी’ म्हणून अंगणात उभी राहते, तेव्हा घरात स्पोर्ट्‌स कार आलीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक मोटर सगळा जोर पहिल्या क्षणापासून देते. गिअर बदलायचा नाही, इंजिन ओरडत नाही. स्पीडोमीटर न बघता वेग ओळखायची सवय नसलेल्या पोराला ६० आणि ११० सारखेच वाटतात. त्यात बॅटरीमुळे वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे धडकेत समोरच्याला बसणारा तडाखा मोठा.

गंमत बघा, ही गाडी टनामागे साधारण १०० किलोवॅटमध्ये बसते. न्यू साउथ वेल्सच्या नियमात ती चालेल, इटलीच्या नियमात नाही. म्हणजे तज्ज्ञांचंही रेष कुठे ओढायची यावर एकमत नाही. माझी रेष इटलीच्या बाजूला आहे.

घरात इलेक्ट्रिक असेलच तर मुलाच्या हाती देताना इको मोड (गाडीचा जोर आवरून धरणारी सेटिंग) लावून द्या आणि पहिले सहा महिने शेजारी बसा.

पण आता गाड्यांमध्ये सहा एअरबॅग असतात, पाच स्टार असतात, गाडी स्वतःच ब्रेक मारते. मग भीती कसली?

स्टार आणि एअरबॅग हव्यातच. पण चाचणीत गाडी आपटतात ती ताशी ६४ किलोमीटरला. १३० ला नाही.

शाळेत शिकलेलं सूत्र आठवा, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ५० ला धोका दिसला, पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद गेला, तर गाडी थांबेपर्यंत साधारण ३५ मीटर जाते. ताशी १०० ला तेच अंतर शंभर मीटरच्या जवळ. ताशी १६० ला दोनशेच्या वर. म्हणजे अख्खं फुटबॉलचं मैदान दोनदा ओलांडायचं. आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा. जूनच्या पहिल्या पावसात महिन्यांचं सांडलेलं ऑइल आणि धूळ मिळून रस्त्यावर जो चिकट थर होतो, त्यावर या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

स्वतः ब्रेक मारणाऱ्या यंत्रणा छान असतात, पण त्यांना रंगवलेले पट्टे आणि शिस्तीची वाहतूक आवडते. उलट्या बाजूने येणारी रिक्षा, दिव्याशिवाय उभा उसाचा ट्रॅक्टर-ट्रॉली, दुभाजकातून अचानक आलेली म्हैस यांच्यापुढे त्या यंत्रणांवर विसंबू नका.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यावर. आणि पायी चालणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला एअरबॅग नसतेच.

काका, मी एकटा असताना पण नीट चालवतो आणि मित्र असताना पण. मित्रांचा काय संबंध?

हा प्रश्न मुलांचा, म्हणून ‘तू’ म्हणतो. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. संगणकावर गाडीचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते ठरवायचं. काहींना एकट्याने खेळायला दिलं, काहींना मित्र सोबत असताना. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेली जोखीम खूप वाढली. मोठ्या माणसांमध्ये फारसा फरक पडला नाही. मित्रांनी ‘दाब रे’ म्हणायचीही गरज नसते, ते नुसते असले तरी पुरतं. आणि आता खिडकीतून मोबाइल बाहेर काढून रील करणारा मागच्या सीटवर असतो, तो प्रयोगात नव्हता.

विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. तुझ्यात खोट आहे असं नाही, तुझं वयच तसं आहे. माझंही होतं. एकोणिसाव्या वर्षी मामाची गाडी घेऊन चार मित्रांसह खंबाटकी घाटात मी जे केलं ते आईला अजून माहीत नाही.

मुलीसाठी नियम वेगळे का?

नाही.

मग पहिली गाडी कुठली द्यायची?

कंटाळवाणी. मनापासून सांगतो, जिच्याकडे बघून मित्र ‘वाव’ म्हणणार नाहीत अशी. पण पत्र्याचा डबा नको. ‘पोरगं शिकतंय, ठोकणारच’ म्हणून पंधरा वर्षांची, एअरबॅग नसलेली, टायर गुळगुळीत झालेली गाडी देणारे पालकही मला भेटतात. ते दुसऱ्या टोकाचं चुकतात. ठोकणारच आहे तर निदान टिकणारी गाडी द्या.

माझी अट अशी. क्रॅश चाचणीत चांगले स्टार मिळालेली, आणि घसरताना गाडी सावरणारं ईएससी असलेली. आपल्याकडे भारत एनकॅप ही गाड्या आपटून स्टार देणारी चाचणी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे हे बघणं सोपं झालंय. इंजिन साधं, टर्बो नसलेलं. शक्य असेल तर मॅन्युअल गिअर, कारण क्लच-गिअरमध्ये एक पाय आणि एक हात गुंतला की मोबाइलला हात उरत नाही. (हे माझं जुनाट मत आहे, माझा मुलगाच हसतो.) टायर मात्र उत्तम. पैसे खर्च करायची हौस असेल तर ती टायरवर भागवा.

नवी कोरी गाडी नकोच. चार-पाच वर्षं वापरलेली घरची गाडी मुलाला द्या आणि नवी तुम्ही घ्या. दसरा तुमचाही साजरा होईल.

ॲपवरून लक्ष ठेवलं तर? गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, सगळं मोबाइलवर कळतं.

उपयोग आहे. बऱ्याच कनेक्टेड गाड्यांमध्ये वेगाची मर्यादा आणि नकाशावरची हद्द ठरवता येते, ती ओलांडली की तुम्हाला सूचना येते. पण सूचना येते म्हणजे गाडी थांबत नाही. तुम्ही मीटिंगमध्ये असता आणि मोबाइल सायलेंटवर.

खरोखर वेग रोखणारी किल्ली वेगळी. फोर्डच्या फिगो, ॲस्पायरमध्ये ‘मायकी’ नावाची सोय होती. मुलाला वेगळी किल्ली द्यायची, त्या किल्लीने गाडी ठरावीक वेगाच्या वर जायचीच नाही आणि सीटबेल्ट लावेपर्यंत गाणी बंद. फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्या बनवणं थांबवलं आणि ती सोयही गेली. व्होल्वोमध्ये ‘केअर की’ आहे, पण व्होल्वो किती घरांत असते? परवडणाऱ्या गाड्यांमध्ये ही सोय आपल्या कंपन्या का देत नाहीत, हे मला कळलेलं नाही. सनरूफ देतात.

२०१९ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या गाडीत ताशी ८० ला अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा बीप आहे. तो आवाज आवडत नाही म्हणून बंद करून द्या म्हणणारं पोरगं आलं, तर त्याला गाडी देऊ नका. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

विमा फुल्ल आहे. काही झालं तर कंपनी बघून घेईल ना?

चालकाकडे लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा गेलाच म्हणून समजा. समोरच्याला इजा झाली किंवा तो मेला, तर भरपाई आधी विमा कंपनीने द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. मेलेला माणूस तरुण आणि चांगला कमावता असेल तर ती रक्कम घर विकायला लावते.

मुलगा म्हणतो, नुसता रिमॅप करून घेऊ. गाडी तीच, थोडी जास्त पळेल.

लॅपटॉप जोडून इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलायची, की टर्बो गाडीत भरपूर जादा घोडे मिळतात. ब्रेक मात्र कंपनीने जुन्या घोड्यांसाठी दिलेलेच राहतात. कायद्याने गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा असे बदल करता येत नाहीत, त्याचा दंड मालकाला होतो, वॉरंटी जाते आणि विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. नको.

समृद्धीवर १२० ची परवानगी आहे. रिकामा, सरळ रस्ता. तिथे नेऊन शिकवू का?

सगळ्यात शेवटी. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता नव्या चालकाला सोपा वाटतो, हाच त्याचा धोका. तासन्‌तास काहीच घडत नाही, वेगाची जाणीव मरते, डोळे उघडे असून माणूस झोपलेला असतो. काँक्रीटवर टायर तापतात, हवा कमीजास्त असेल तर फुटतात. आधी शहर, मग रात्र, मग पाऊस, मग घाट, मग साधा राज्य महामार्ग. समृद्धी त्यानंतर, तीही दर दीड तासाला थांबून.

त्याला वेगाचं खरंच वेड आहे. ते मारून टाकायचं का?

अजिबात नको! त्याला वेगासाठी बांधलेली जागा द्या. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्यात. मोटारींचं प्रेम कोल्हापूरकरांना शिकवायला लागत नाही. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. कार्टिंग लहान वयात रीतसर सुरू करता येतं, अठराची वाट बघावी लागत नाही. हेल्मेट, अग्निरोधक सूट, कडेला टायरची भिंत, डॉक्टर उभा, आणि समोरून कुणी येत नाही.

खर्च येतो. पण दमदार गाडीचा एक वर्षाचा हप्ता काढून बघा, त्यात पोराची बरीच हौस भागते. आणखी एक फायदा सांगतो. ट्रॅकवर गेलेलं पोरगं पहिल्याच दिवशी हरतं. आपल्याला चालवता येत नाही हे त्याला घड्याळ सांगतं, बाप नाही. एकदा हे कळलं की रस्त्यावरची त्याची फुशारकी निम्मी होते, हे मी दोनतीन पोरांमध्ये पाहिलंय.

आजोबांनी नातवाला शब्द दिलाय. गावची जमीन विकली, पैसे आलेत. आता मागे कसं फिरायचं?

रस्त्यालगतचा एखादा एकर गेला की अंगणात काळी मोठी गाडी येते, हे चाकण-वाघोली पट्ट्यात मी वीस वर्षं बघतोय. त्याला गुंठामंत्री म्हणून हसणं सोपं आहे. पण आजोबांनी आयुष्य बैलगाडीत आणि एसटीत काढलेलं असतं. नातवाला मोठी गाडी देताना त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही असतं. त्यांच्याशी कायदा बोलू नका.

एका घरात मी असं सुचवलं होतं. शब्द मोडायचा नाही, गाडी घ्यायची, पूजा करायची, पेढे वाटायचे. पण गाडी आजोबांच्या नावावर. आणि दोन वर्षं नातवाने ती चालवायची तर आजोबा शेजारच्या सीटवर बसलेले असले पाहिजेत. आजोबांना इतका आनंद झाला की ते रोज सकाळी आठला तयार होऊन बसायला लागले. बाजार, बँक, देवळात, मग कुणाच्या तरी सोयरिकीला. पोरगं दोन महिन्यांत गाडीला कंटाळलं आणि परत आपल्या जुन्या हॅचबॅकने कॉलेजला जायला लागलं. मोठी गाडी आता आजोबांसाठी असते, त्यांनी ड्रायव्हर ठेवलाय.